दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं

आमच्या घरात पहिलं मत मायचं असायचं आणि शेवटचंही. हायाशीसाहेबांनी जाताना अण्णांच्या हातात टेपरेकॉर्डर ठेवला आणि त्यातली एकुलती एक कॅसेट आम्ही पहिल्यांदा लावली, तेव्हा दोन मिनिटांत मायनं निकाल देऊन टाकला, "बाईच्या पोटात दुखतंय गं, कुणीतरी ओवा द्या तिला." आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसले. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण ज्या गायिकेची मी पुढं सबंध बीड जिल्ह्यातली पहिली आणि बहुधा एकटीच चाहती झाले, तिचं आमच्या घरातलं स्वागत असं ओव्यानं झालं होतं.

अण्णा तेलगावच्या अलीकडच्या एका सहकारी सूत गिरणीत फिटर होते. गिरणी कापूस पिकवणाऱ्यांनीच मिळून उभी केलेली. तिच्या आवारात पत्र्याच्या छपराची क्वार्टरं होती, त्यातल्या तिसऱ्या दारात आम्ही. चात्या फिरायच्या तेव्हा आमच्या मांडणीवरच्या वाट्या बारीक थरथरायच्या आणि त्या आवाजातच आम्हाला झोप लागायची. आवाज बंद पडला की माय दचकून उठून म्हणायची, "काय झालं गं?" पाऊस नसण्याचं ते दुसरं वर्ष. कापूस गुडघ्याएवढासुद्धा वाढला नव्हता, तीन पाळ्यांची एकच पाळी झाली होती. त्यात सुताला ओली हवा लागते. हवा कोरडी झाली की धागा तटातट तुटतो. म्हणून गिरणीसाठी पाण्याचा टँकर यायचा आणि वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन फाटकाशी उभ्या राहून विचारायच्या, "मान्सानं उन्हात वाळायचं आन् सुताला न्हाऊ घालायचं व्हय?" शेवटी अण्णांनी आणि आणखी दोघांनी संचालकांपुढं उभं राहून सांगितलं, आधी वस्तीचे हंडे, मग सूत. त्या दिवसापासून फाटकाजवळ एक तोटी बसली. ती तोटी अण्णांनी स्वतःच्या हातानं बसवली होती आणि मी शाळेत ते इतक्या वेळा सांगितलं की मास्तरांनी माझं नावच 'तोटी' ठेवलं.

हायाशीसाहेब यंत्रं बसवून द्यायला जपानहून आलेले. उंचीनं मायएवढे, शर्टाच्या खिशात तीन पेनं. पहिल्या आठवड्यात येसराचा तिखट मसाला घातलेली आमटी खाऊन त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते पाहून माय घाबरली आणि तिनं त्यांच्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजवायला सुरुवात केली. मऊ कण्या, वर ताक, चिमूटभर मीठ. ते वाटी दोन्ही हातांनी धरून खायचे आणि खाऊन झाल्यावर मायपुढं कमरेतून वाकायचे. माय पदर तोंडाला लावून आत पळायची. तीन महिने हे असं चाललं. जाताना त्यांनी अण्णांना आपला टेपरेकॉर्डर दिला. त्यांच्याकडची वीज आपल्यापेक्षा निम्म्या जोराची, तेव्हा हा भिंतीतल्या बटणाला लावायचा नाही, नाहीतर जळेल, एवढं त्यांनी खुणांनी आणि एका चित्रानं समजावलं. म्हणून तो नेहमी सेलवर चालायचा. सेल संपत आले की आम्ही ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायचो, पापडांच्या शेजारी. उन्हाची तेवढी चंगळ होती.

कॅसेटच्या खोक्यावर एक बाई निळी छत्री घेऊन ओल्या रस्त्यावर उभी होती. अक्षरं जपानी, त्यामुळे तिचं नाव कुणालाच वाचता येईना. माझ्यापुरतं मी तिचं नाव छत्रीवाली ठेवलं. गाणं ऐकायला कुणी आलं नाही तरी ते खोकं बघायला वस्तीवरून माणसं यायची. गाणारणीकडं कुणी बघायचं नाही, सगळे रस्त्याकडं बघायचे. एक म्हातारा रोज येऊन म्हणायचा, "दाखीव गं पोरी ते पाण्याचं." आता वाटतं, तो म्हातारा माझ्या आधीचा चाहता धरायला हरकत नाही.

मी हसायची थांबले कधी, ते नेमकं आठवत नाही. पहिल्या बाजूला एक गाणं होतं, पिपाण्या वाजायच्या आणि मागून लेझमीसारखा ठेका. भाकरी थापताना माझे हात त्या ठेक्यावर पडताहेत हे मायच्याच लक्षात आलं. मग पहिली बाजू माझी झाली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं तर सगळ्यांत लाडकं. त्याच्या सुरुवातीला सायकलची घंटी वाजायची, किणकिण, किणकिण, आणि छत्रीवाली गाता गाता मधेच हसायची. एवढी पैशाअडक्याची, नावालौकिकाची बाई असेल, पण वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीसारखी हसायची. आणि त्यानंतरचं गाणं? ते मला मुळीच आवडायचं नाही. संथ, पेटीसारखं काहीतरी एकटंच वाजतंय आणि बाई अगदी खालच्या आवाजात एकेक शब्द मोजून टाकतेय. मला ते गाणं पुढं पळवायचं असायचं, पण पळवलं की सेल खातं म्हणून अण्णांची सक्त मनाई. मग ते लागलं की मी उठून भांडी घासायला, दिव्याची काच पुसायला जायची. किती वेळा तरी मी पाठ फिरवून ते गाणं ऐकलं. न ऐकता ऐकलं म्हणा.

माझी मतं ऐकून घेणारी एकच व्यक्ती होती, रुक्मिण. वस्तीवरची, माझ्याच वर्गातली, नववीला. तिची माय आणि वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, दरसाल ऊसतोडीला जायचे आणि ती आजीजवळ, शेळ्या सांभाळत शाळेला राहायची. गणितात ती माझ्या चार पावलं पुढं होती. धाग्याचा नंबर, म्हणजे तो किती बारीक, कसा काढतात हे अण्णांनी मला तीनदा समजावलं, तिला एकदाच. छत्रीवालीबद्दल तिचं म्हणणं एवढंच, "तुला आवडती म्हंजी चांगलीच आसंल." असा चाहता काय कामाचा, म्हणून मी तिच्यावर चिडायची.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला किंमत नाही, म्हणून मिसरूड फुटायच्या आधी पोराचं लग्न लावतात आणि पोरगी नववीतून उचलून फडात उभी करतात. त्या वर्षी कोरडं पडलेलं, टोळीला जास्त कोयते हवे होते. संक्रांतीच्या सुमाराला निरोप आला: टोळीच्या मुकादमाच्या पुतण्याशी रुक्मिणची सोयरीक ठरतेय, हंगाम संपला की गावाकडं येऊन लगीन. निरोप आजीनं रुक्मिणला सांगितला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं चाचणीचा पेपर कोरा दिला. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे.

"पत्र लिही की," मी म्हटलं.

"कुणाला? मायला वाचता येतंय का दादाला? फडात पत्र वाचितो त्यो मुकादमाचाच माणूस. त्याला पायजे ते वाचील." ती दप्तरावरची धूळ बोटानं पुसत होती. "माजं काय हाय ते मधी कुणी बदलाया न्हाई पायजे."

आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिची मामी शाळेच्या कुंपणाशी आली. मामीची टोळी उशिरा निघाली होती, त्याच कारखान्यावर, त्याच फडाकडं. ट्रक तेलगावच्या चौकात उभा होता, सामान चढलं की सुटणार. "काय सांगायचं आसंल मायला तर सांग," मामी म्हणाली. रुक्मिणनं माझ्याकडं पाहिलं. मी कशासाठी पळत सुटले ते मला घरी पोचेपर्यंत पूर्णपणे कळलं नव्हतं.

रुक्मिण माझ्यामागोमाग आली. माय तोटीवर गेली होती. टेपरेकॉर्डरवर तांबडं बटण होतं आणि ते कशासाठी असतं हे अण्णांनी मला दाखवलं होतं. विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटला मागच्या कडेला दोन भोकं असतात. ती बुजवल्याशिवाय तांबडं बटण दबत नाही. कोरी कॅसेट आणायची तर माजलगाव नाहीतर बीड, आणि ट्रक तर आत्ताच निघणार. अण्णांच्या कामाच्या पँटच्या खिशात नेहमी गिरणीतला कापूस असायचा. त्याचे दोन बोळे केले आणि भोकांत कोंबले. माझा विचार होता, ते संथ नावडतं गाणं पुसावं. पण रुक्मिण म्हणाली, "त्यांना मधलं हुडकाया येनार न्हाई. बटन दाबलं की लगीच मी बोलाया पायजे." तिचं बरोबर होतं, गणितासारखं बरोबर. सुरुवातीपासूनच बोलायचं. पहिल्या बाजूच्या सुरुवातीला पिपाण्यांचं गाणं. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला घंटीचं.

मी कॅसेट हातात तीन-चार वेळा उलटीपालटी केली. आज हे लिहिताना मोठेपणा घेऊन म्हणता येईल की मला क्षणभरही प्रश्न पडला नाही. पडला होता. मनातून मी रुक्मिणच्या मामीवर, ट्रकवर, मुकादमावर, सगळ्यांवर चिडले होते. रुक्मिण म्हणाली, "ऱ्हाऊ दे शोभे, तुजं लाडकं हाय." तिनं तसं म्हटलं नसतं तर कदाचित मी आणखी रेंगाळले असते. मी दुसरी बाजू वर केली, कॅसेट आत घातली, मागं फिरवून सुरुवातीला आणली आणि तांबडं बटण वाजवायच्या बटणासकट दाबलं.

"माय, मी रुक्मिण बोलतेय," ती म्हणाली आणि थांबली. मी हातानं खूण केली, बोल. "दादा, तुमीबी ऐका. आजीचा खोकला कमी हाय. तांबडी शेळी याली, दोन पिल्लं झाली. माय, मला ते लगीन करायचं न्हाई. आत्ता न्हाई. मला दहावी करू द्या. मास्तर म्हनले, पास होशील. दादा, कोयता कुटं पळून जात न्हाई, पर शाळा पळून जाती. एक साल ऱ्हायलंय. मी शेळ्या बघते, आजीला बघते, काय मागत न्हाई. तुमी माज्या पायी उसात हाय हे मला कळतंय, म्हनूनच म्हनते." मग ती आठवेल ते बोलत राहिली, हंड्याला पडलेलं भोक, मास्तरांचा पाय मुरगळला ते. रडली मात्र नाही. शेवटी "झालं," म्हणाली आणि मी बटण सोडलं, कॅसेट परत मागं फिरवून सुरुवातीला आणली. आम्ही दोघी चौकापर्यंत पळालो. ट्रक सुरू झाला होता. मामीनं वाकून कॅसेट घेतली आणि कापडात गुंडाळून पोलक्यात खोचली.

संध्याकाळी अण्णांना मी सगळं सांगितलं. साहेबांनी दिलेली वस्तू मी विचारल्याशिवाय दिली होती. मार पडेल असं वाटलं. अण्णांनी टेपरेकॉर्डर उघडून रिकामा कप्पा पाहिला, मऊ कापडानं पुसला आणि म्हणाले, "कापूस घट बसविलता का? सैल बसला तर नोंद होत न्हाई." बास, एवढंच. जेवताना मायनं मला भाकरीवर लोण्याचा गोळा जास्त दिला. त्या दिवसांत लोणी म्हणजे सणच.

कॅसेट गेल्यावर घर मुकं झालं. मला वाटलं होतं मला घंटीचं गाणं आठवत राहील, पिपाण्या आठवतील. पण भांडी घासायला बसले की माझ्या तोंडून ते संथ गाणंच यायचं. सगळंच्या सगळं, पहिल्या ओळीपासून, जिथं ती श्वास घेते तिथं श्वासासकट. आपण नावडतं म्हणून पाठ फिरवावी आणि तेच पाठ व्हावं, असा प्रकार. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण छत्रीवालीच्या त्या गाण्यासाठीच केली असावी. लाडक्या गाण्यांच्या मला फक्त चाली येत होत्या. या नावडतीचे शब्दसुद्धा येत होते, अर्थाशिवाय.

महिनाभरानं मामी दोन दिवसांसाठी गावाकडं आली आणि आल्या आल्या रुक्मिणच्या गालावरून बोटं मोडत म्हणाली, "रुक्मे, तू येवढं कवा शिकलीस गं? आमाला कावून न्हाई सांगितलंस?" मी तिथंच होते. काय ते आम्हाला दोघींना कळेना. मग मामीनं सांगितलं. फडात कॅसेट लावायची सोय एकच, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमधला टेप. ट्रॅक्टरभोवती सगळी टोळी जमली. रुक्मिणचं बोलणं सुरू झालं तसं कुणी हललं नाही. "कोयता कुटं पळून जात न्हाई" ऐकल्यावर मुकादम हसला म्हणे. ती "झालं" म्हणाली, मुकादम काहीतरी बोलायला पुढं सरकला, आणि तेवढ्यात ट्रॅक्टरमधून गाणं सुरू झालं. पेटीसारखं वाजतंय आणि पोरीचा आवाज, कुणाला न कळणारी भाषा.

"मुकादम म्हनला, आता हे काय? तर तुजी माय म्हनली, माजी लेकच म्हनतीया की. साळंत इंग्रजी शिकिवतेत, पेटी हाय साळंत. सगळे गप झाले बग. तुज्या बापानं तीनदा लावाया लावलं. आन् मुकादमाला तोंडावर म्हनला, सोयरीक थांबवा. जिला असलं येतंय तिच्या हातात कोयता देऊ व्हय?"

मामी कौतुकानं सांगत होती. मग तिनं पुढचंही सांगितलं. मुकादमाला ते पटलं नव्हतं. तो म्हणाला होता, गावाकडं गेल्यावर पोरगी आमच्यापुढं म्हणू दे. आलं तर तिला शिकवा, नाही आलं तर तिथल्या तिथं साखरपुडा. आणि बापानं सगळ्या टोळीदेखत हो म्हटलं होतं.

मामी गेल्यावर रुक्मिण मटकन खाली बसली. "माज्या मायला येवढंबी कळलं न्हाई का गं, ही मी न्हाई?" याचंच तिला जास्त लागलं होतं. मी म्हटलं, ते राहू दे, आता गाणं शिक. कॅसेट फडात होती, ट्रॅक्टरमध्ये. आमच्याजवळ फक्त माझे कान होते. दीड महिना मी तिला ते गाणं शिकवलं. शाळेच्या रस्त्यावर, तोटीच्या रांगेत, शेळ्यांमागं. तिचा गळा चांगला होता पण ती सूर गणितासारखे म्हणायची, एकापुढं एक नीट मांडून. "रडवं म्हण," मी सांगायची. "कावून? बाई रडती का त्यात?" "रडतेच की." त्या वेळी माझं मत तसं होतं: गाणं दुःखाचं आहे, कुणीतरी सोडून गेलंय. रांगेतल्या बाया कान टवकारून ऐकायच्या. मायला सगळं माहीत होतं, ती पाण्याचा हंडा कमरेवर घेत एकदा म्हणाली, "तिसऱ्या कडव्याला घाई करू नगा. ती बाई तितं थांबती." ओवा द्यायला निघालेल्या बाईनंही ऐकून ठेवलं होतं तर!

हंगाम संपला. टोळी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणच्या अंगणात माणसं जमली. कडुलिंबाखाली घोंगडी टाकली, मुकादम मधे बसला, शेजारी त्याचा पुतण्या. तोही आमच्याएवढाच, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलेला. त्यालाही कुणी काही विचारलं नसणार हे आज कळतं. रुक्मिणचे दादा नवा पटका बांधून ताठ उभे होते. तिची आई कौसामावशी दारात, ऊन लागून काळीठिक्कर पडलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मुकादमानं मुद्दाम अण्णांना बोलावून घेतलं होतं. परदेशी साहेबासोबत काम केलेला गावात तोच एक माणूस. अण्णा खोटं बोलायचे नाहीत, हे सगळ्या वस्तीला माहीत आणि मला तर फारच माहीत.

रुक्मिण उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की ती खरं सांगून टाकणार. तिनं तोंड उघडलं, "दादा, ते गानं—" आणि दारातून कौसामावशी म्हणाली, "आदी पानी पी. घसा कोरडा हाय तुजा. मग म्हन." तांब्या पुढं केला. रुक्मिण पाणी प्यायली, आईकडं पाहत. आणि गायला लागली.

पहिली ओळ, दुसरी ओळ. टोळीतल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. अडीच महिने रोज ट्रॅक्टरमध्ये ऐकून चाल त्यांच्या ओळखीची झाली होती. तिसऱ्या कडव्यापाशी रुक्मिण थांबली, बाई थांबते तशी. पण पुढं सुरूच होईना. विसरली. मी मागं बायांत बसले होते. मी काही ठरवलं नाही, माझ्या तोंडून पुढचा शब्द निघाला, तिनं तो उचलला आणि शेवटपर्यंत आम्ही दोघींनी म्हटलं.

"दोघींनाबी येतंय की!" कुणीतरी म्हणालं. मुकादम सहजासहजी सोडणारा नव्हता. "सुरवातीला काय म्हनली ती? ती वळ कॅसेटीत न्हाई." आणि खरंच नव्हती. रुक्मिणचं बोलणं घंटीचं गाणं पुसून पुढच्या गाण्याच्या पहिल्या ओळीवर सांडलं होतं. टोळीनं ती ओळ कधी ऐकलीच नव्हती. पण रुक्मिणच्या दादांनी मांडीवर थाप मारली, "मंग! कॅसेटीत न्हाई तेबी येतंय माज्या लेकीला!" सगळं अंगण हसलं. मुकादम अण्णांकडं वळला, "अण्णा, तुमी सांगा. हे इंग्रजी खरं हाय का?"

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "इंग्रजी न्हाई," ते म्हणाले. "जपानी हाय. आन् सूर बरोबर हाय. एकबी जागा चुकली न्हाई." ते माझ्याकडं बघत म्हणाले, रुक्मिणकडं नाही. पुढं आयुष्यात मला दोन-चार सत्कार मिळाले, शाल-नारळाचे. अण्णांच्या त्या वाक्याची बरोबरी त्यांतल्या एकालाही आली नाही.

मुकादम उठला, धोतर झटकलं आणि पुतण्याला म्हणाला, "चल बे." रुक्मिण जूनमध्ये दहावीच्या वर्गात बसली.

कौसामावशी त्याच दिवशी दुपारी कॅसेट परत द्यायला आमच्याकडं आली. धुतलेल्या फडक्यात बांधलेली, वर हळदीकुंकवाचं बोट. रुक्मिण तिच्या मागं. माय कण्या रटरटवत होती. रुक्मिणला राहवलं नाही. "माय, ते गानं मी म्हनलं नव्हतं. कॅसेटीत ती दुसरी बाई हाय. तुला माजा वाज कळंना व्हय गं?"

कौसामावशीनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं फारच मूर्खपणाचं काही विचारलं होतं. "तू पोटात हलायलीस तवापासून वळखते तुला. तुजा वाज मला कळंना?" ती मायनं दिलेल्या पाटावर टेकली. "मुकादम बोलाया उठला. त्याचं बोलनं सुरू झालं आसतं तर तुज्या बापाचं बंद पडलं आसतं. मला कायतरी म्हनायचं व्हतं. तेवढ्यात ही बाई गायली. म्हनलं, हीच माजी लेक." मग रुक्मिणला दटावून, "तुज्या दादाला सांगू नगं पर. त्यो लई खुश हाय."

कण्या खाली लागायला लागल्या तेव्हा मायनं पळी फिरवली. जाताना कौसामावशी म्हणाली, एकदा लाव ती कॅसेट. मी लावली. ती भिंतीला टेकून पूर्ण ऐकत बसली. मी म्हटलं, "दुःखाचं गाणं आहे ना मावशी?" तिनं मान हलवली. "न्हाई गं. दुक्काची बाई इतकी सावकास बोलत न्हाई. हिचं काम उरकलंय. मोळी टाकून बसलीय, आन् आता वारं लागतंय तिला." त्या दिवसानंतर मी ते गाणं दुसऱ्या कोणत्याच प्रकारे ऐकू शकले नाही. छत्रीवालीबद्दल मी पुढं कितीतरी मतं केली आणि मोडली, पण हे मत माझं नाही म्हणून ते टिकलं.

रुक्मिण दहावी झाली, बारावी झाली आणि गिरणीच्या प्रयोगशाळेत सूत तपासायला बसणारी पहिली बाई झाली. पुढं गिरणीचे दिवस फिरले तेव्हा तिनं वस्तीवरच्या बायांची दूध संस्था काढली आणि ती अजून चालवते. तिच्या हाताखाली आज जेवढ्या बाया आहेत, तेवढे कोयते त्या मुकादमाच्या टोळीत कधीच नव्हते. हे मी फुशारकीनं लिहितेय आणि फुशारकीनंच लिहिणार.

गेल्या वर्षी माझ्या नातीनं खोक्यावरच्या चित्राचा फोटो काढून मोबाइलवर शोध घेतला आणि पाच मिनिटांत छत्रीवाली सापडली. तिचं नाव, तिचं वय, सगळी गाणी. नाव मला आता माहीत आहे, पण आमच्या घरी ती छत्रीवालीच. जगभरातले चाहते त्या गाण्यांखाली काय काय लिहितात. घंटीचं गाणं सगळ्यांचं लाडकं आहे म्हणे. मी रुक्मिणला बोलावून घेतलं. आम्ही दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसलो आणि नातीनं मोबाइलवर दुसऱ्या बाजूची गाणी लावली. किणकिण, किणकिण, घंटी वाजली. इतक्या वर्षांनी माझं सगळ्यांत लाडकं गाणं परत आलं होतं, स्वच्छ, एकही खरखर नसलेलं. छत्रीवाली मधेच हसली. मी डोळे मिटून वाट पाहत राहिले आणि गाणं संपत आलं तेव्हा लक्षात आलं की मी कशाची वाट बघतेय.

"बंद कर गं," मी नातीला म्हटलं. "हे अर्धवट आहे."

मग कपाटातून जुनी कॅसेट काढली, उन्हात वाळवलेले सेल घातले आणि बटण दाबलं. थोडी खरखर झाली आणि नववीतली एक पोरगी म्हणाली, "माय, मी रुक्मिण बोलतेय."